‘तीस दिवसांत डिटेलर’ आणि कडेचे तीस मिलिमीटर

गेल्या आठवड्यात कळव्याच्या धाकट्या बहिणीने ‘तीस दिवसांत डिटेलर’ या क्लासच्या जाहिरातीचा मेसेज पुढे पाठवला आणि खाली मुलासाठी विचारले, ‘दादा, फी भरू का?’ डिटेलर म्हणजे पोलादी सांगाड्याचे भाग आणि जोड कारखान्यासाठी रेखाटणारा माणूस. मेसेजचे म्हणणे थोडक्यात असे: टेकला हे त्या कामाचे सॉफ्टवेअर तीस दिवसांत येते, पुढे सगळे जॉइंट सॉफ्टवेअरच काढते, नियमांचे कोडबुक उघडावे लागत नाही, ड्रॉइंगमध्ये चूक राहिलीच तर साइटवर गॅस कटरने बोल्टचे भोक वाढवता येते आणि अमेरिकेचे काम घरबसल्या मिळते. महापे-रबाळ्याच्या ऑफिसांतून इतकी वर्षे शॉप ड्रॉइंग, म्हणजे कारखान्यात ज्यावरून भाग कापतात ती ड्रॉइंग, तपासणाऱ्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही.

तीस दिवसांत कमांड येतात, हे मान्य करतो. ग्रिड टाकणे, कॉलम-बीम उभे करणे, मॉडेलमधून ड्रॉइंग काढणे हे चलाख मुलाला महिन्याभरात जमते. शिकणाऱ्यांसाठी टेकलाची विनामूल्य आवृत्तीही आहे, त्यामुळे तेवढ्यासाठी फी कशाला, हा प्रश्न उरतोच.

‘सॉफ्टवेअरच काढते’ याचा नमुना भाच्याच्याच लॅपटॉपवर सापडला. हौसेने केलेल्या त्याच्या मॉडेलमध्ये क्लीट प्लेटला (बीम जोडायच्या छोट्या पट्टीला) २० मिलिमीटरचे बोल्ट होते, भोक बरोबर २२चे होते, पण भोकाच्या मध्यापासून प्लेटच्या कडेपर्यंत अंतर जेमतेम ३० मिलिमीटर. आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय कोडच्या २००७च्या आवृत्तीप्रमाणे कड शिअरिंग मशीनवर किंवा हाताने गॅसने कापलेली असेल, तर हे अंतर भोकाच्या व्यासाच्या १.७ पट, म्हणजे ३७.४ मिलिमीटर लागते. करवतीने किंवा मशीनवरच्या गॅसने कापलेली असली तरी दीडपट, म्हणजे ३३. बोल्ट त्याने हाताने टाकले होते, म्हणून सॉफ्टवेअरने हूं की चूं केले नाही. तयार जॉइंट वापरला असता तर इशारा आलाही असता, पण तो इशारा सेटिंगमध्ये भरलेल्या आकड्यावर चालतो आणि तो आकडा भरायला कोडबुकच उघडावे लागते.

सर्वांत घातक वाक्य गॅस कटरचे आहे. त्यात अर्धे सत्य आहे, तेही नाइलाजाने सांगतो: कॉलमच्या बेस प्लेटचे भोक साइटवर दुरुस्ती म्हणून हाताने गॅसने कापायला आयएस ८०० मुभा देते. बाकी बोल्टच्या भोकांना ती मुभा नाही. आणि ड्रॉइंगमधली प्रत्येक चूक भोकाएवढी नसते. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात वरच्या आणि खालच्या पादपुलाला पेलणाऱ्या सळ्या मूळ कल्पनेत सलग होत्या. फॅब्रिकेशनच्या सोयीसाठी त्यांचे दोन तुकडे केले गेले, खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमला लटकला आणि त्या बीमच्या नटाखालचा भार दुप्पट झाला. बदल शॉप ड्रॉइंगमध्ये दिसत होता, तरी तो मंजूर झाला. १७ जुलै १९८१ रोजी दोन्ही पूल कोसळून ११४ माणसे गेली. मूळ जोडही नियमापेक्षा कमकुवतच होता आणि ठपका इंजिनिअरांवर आला, हे खरे. पण ती रेषा कोणीतरी डिटेलरनेच ओढली होती. तिथे गॅस कटर कुठे लावणार होते?

अमेरिकेचे काम आपल्याकडे भरपूर येते, यात खोटे काही नाही. मात्र तिथे फूट-इंच चालतात, त्यांचे कोड वेगळे आहेत, आणि पाऊण इंची बोल्टला १३/१६ इंचाचे भोक लागते हे तोंडपाठ असलेल्या माणसालाच ते सोपवले जाते.

फी अजून भरलेली नाही. भाच्याला तळोज्याच्या एका ओळखीच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये दोन शनिवार मार्किंग करणाऱ्या फिटरशेजारी उभे राहायला सांगितले आहे. ‘मामा, तिथे काय करू?’ असे त्याने विचारले, तेव्हा मोजपट्टी घेऊन जा आणि कापलेल्या दहा प्लेटांच्या कडा मोजून ये, एवढेच म्हणालो.