सही जुळत नाही

मोटारीचं मीटर जळू शकतं, ही माहिती मला मोटारीनेच दिली. राजाराम पुलाच्या सिग्नलला उभे होतो. डॅशबोर्डचे दिवे एकदम नको इतके उजळले, पाठोपाठ काहीतरी करपल्याचा वास आला, आणि गाडी जागेवर उभी असताना स्पीडचा काटा एकशे चाळीसवर जाऊन पडला. मग सगळा अंधार. ‘पुढच्या रिक्षाचा वास असेल,’ बायको म्हणाली. पुण्यात कुठल्याही वासाचं पहिलं निदान रिक्षाच असतं, त्यामुळे मीही मान डोलावली.

इंजिन मात्र छान चालू होतं. स्पीड किती, पेट्रोल किती, इंडिकेटर लागलाय की नाही, यातलं काहीही न कळता आम्ही घरी आलो. (शहरातले निम्मे लोक तसेच चालवतात, हे त्या दिवशी आतून समजलं.) पार्किंगमध्ये गाडी बंद केली आणि सवयीने पुन्हा चालू करायला गेलो, तर ती हूं की चूं करेना.

सोसायटीत एखाद्याची गाडी बंद पडली की जेवढी माणसं जमतात तेवढी वार्षिक सभेलाही जमत नाहीत. बॅटरीचं टर्मिनल हलवून झालं. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून ढकलून झालं. ‘किल्लीचा सेल बदला,’ असं तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी इतक्या अधिकारवाणीने सांगितलं की मी सेल आणलासुद्धा. पुढे कळलं, तो सेल फक्त दारं उघडण्यापुरता. गाडी चालू करायला किल्लीच्या मुठीत एक वेगळी चिप असते आणि तिला सेल लागतच नाही. स्विचभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यातूनच तिला जागं होण्यापुरती वीज मिळते. जागी झाली की ती आपली ओळख सांगते. ही ओळख तपासणारा साहेब माझ्या गाडीत नेमका मीटरच्या आत बसलेला होता, आणि तो मीटरसकट गेला होता. म्हणजे इंजिन ठणठणीत, किल्ली ठणठणीत, फक्त हो म्हणायला कोणी नाही.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने टॅब्लेटवर बोट फिरवत खर्चाचा अंदाज सांगितला. तो ऐकून मी पहिल्यांदा खुर्चीत नीट बसलो. नवीन मीटर मागवावं लागेल, मग ते गाडीशी ‘कोडिंग’ करावं लागेल, त्यासाठी आरसी, आधार, पॅन आणि दोन्ही किल्ल्या.

‘एकच आणली तर?’

‘मग दुसरी कायमची बाद होईल, सर. जेवढ्या समोर असतील तेवढ्याच सिस्टिम ओळखते.’

दुसरी किल्ली सांगलीला सासुरवाडीत होती. दिवाळीत मेहुण्याने गाडी फिरवायला घेतली होती, तेव्हापासून ती तिथल्या कपाटात सुखरूप होती; इतकी सुखरूप की ती सापडेपर्यंत सासूबाईंनी कपाटच लावून काढलं. पुण्याला येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर पाठवते म्हणाल्या. ‘ओळखीचे’ आधी साताऱ्याला लग्नाला जाणार होते.

तोवर मी नाना पेठेत जाऊन आलो. तिथल्या गल्ल्यांत दुकानदाराला गाडीचं मॉडेल सांगायचं, तो वर न बघताच ‘पेट्रोल का डिझेल?’ विचारतो. मला वाटलं, मीटरला काय फरक पडतो? पडतो. डिझेलच्या मीटरवर इंजिनाच्या फेऱ्यांची लाल रेघ पाचेक हजारांवर येते, पेट्रोलची त्याच्या बरीच पुढे. दुकानदाराने फडक्याने पुसून एक मीटर पुढे केलं. अपघातात गेलेल्या गाडीचं. काचेवर ओरखडा नाही. ‘बसवा आणि निघा,’ तो म्हणाला.

बसवायला आमच्या गल्लीतले वायरमन मामा होते. मामांनी पहिला प्रश्न विचारला तो सर्व्हिस सेंटरमध्ये कोणीच विचारला नव्हता: ‘पण जुनं जळलं कशानं?’ अल्टरनेटर, म्हणजे गाडीची वीज तयार करणारं यंत्र, उतरवून बेंचवर फिरवला. चौदाच्या आसपास व्होल्ट यायला हवे होते, आकडा साडेसतरावर. ‘व्होल्टेज आवरणारा कटआउट गेलाय. हे न बघता नवीन मीटर लावलं असतं तर तेही भाजलं असतं.’ मामांबद्दलचा माझा आदर तिथून जो वाढला तो अजून वाढतोच आहे, बिल देऊनही.

अल्टरनेटर दुरुस्त झाला, नाना पेठेतलं मीटर बसलं. किल्ली फिरवली. सगळे काटे झोकात शेवटपर्यंत जाऊन परत आले, घड्याळ लागलं, इंजिन धडधडलं. मी टाळी वाजवायला हात उचलले तोच, सेकंदभरात, बंद. पुन्हा किल्ली, पुन्हा सेकंदभर धडधड, पुन्हा बंद. वीस वर्षं त्याच काउंटरवर बसलेला, आपल्याला नावाने ओळखणारा बँकेतला माणूस चष्म्यावरून बघत ‘सही जुळत नाही’ म्हणतो ना, तसं. नव्या मीटरला आधीच्या मालकाची किल्ली ठाऊक, माझ्या इंजिनाला माझं जुनं मीटर ठाऊक. दोघं एकमेकांना चोर समजत होते. शिवाय पडद्यावर एक लाख त्र्याऐंशी हजार किलोमीटर. माझी गाडी बासष्ट हजारही धड चाललेली नव्हती.

मामांनी लॅपटॉपवाल्या पोराला बोलावलं. पाठीला सॅक, कानात एक इअरफोन. त्याने पडद्याकडे बघून विचारलं, ‘किती करू, काका?’

‘काय किती?’

‘किलोमीटर. तीस करू? विकायला बरं पडतं.’

‘आहेत तेवढेच कर.’

असं गिऱ्हाईक त्याला बहुधा प्रथमच भेटत होतं. त्याने इअरफोन काढला. मग दुसरी ऑफर दिली: इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला इमोबिलायझरच, म्हणजे ओळख पटल्याशिवाय गाडी चालू न देणारा पहारेकरीच, बंद करून टाकू, कटकट नको. कटकट नकोच होती, पण मग स्विचमध्ये स्क्रू-ड्रायव्हर फिरवणाऱ्या कोणालाही ती नको असणार. युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना हा पहारेकरी सक्तीचा आहे, तो काही उगाच नव्हे. आणि त्याची गुपितं लोकांनी किती जपली आहेत! फियाट, होंडा, व्होल्वो अशा अनेकांच्या किल्ल्यांत वापरलेल्या एका चिपची कमजोरी काही संशोधकांना सापडली, तेव्हा 2013 साली फोक्सवागेनने लंडनच्या उच्च न्यायालयातून त्यांचा निबंध छापायला मनाई आणली. तो बाहेर आला 2015 साली. एवढा बंदोबस्त, आणि हा पोरगा मामांच्या बाकड्यावर बसून वडापाव खात ‘ऑफ करू का?’ विचारत होता.

तोडगा त्यानेच काढला. जळकं मीटर उघडलं. आत एका कोपऱ्यात बोर्ड काळाकुट्ट, पण दुसऱ्या टोकाला आठ पायांची, तुरीच्या दाण्याएवढी काळी चिप शाबूत होती. सगळी स्मरणशक्ती तिच्यातच: किलोमीटर, किल्ल्यांची ओळख, इंजिनाशी ठरलेला परवलीचा शब्द. त्याने गरम हवेच्या गनने ती अलगद सोडवली, चिमट्याने उचलली. मामांनी पंखा बंद केला. मी श्वास बंद केला, कारण ती चिप शिंकेने उडाली असती तर माझी गाडी जगात कोणालाच ओळखत नव्हती. आधीच्या मालकाची चिप काढून त्या जागी आमची बसली. भिंगाखाली आठही पायांना सोल्डरचे टाके पडले.

किल्ली फिरवली. धडधड सुरू झाली आणि सुरूच राहिली. पडद्यावर बासष्ट हजारांच्या आतला आमचा आकडा. कोडिंग नको, आधार नको, पॅन नको, दुसरी किल्ली तर नकोच नको. त्याच संध्याकाळी साताऱ्याचं लग्न आटोपून ‘ओळखीचे’ दारात हजर झाले, किल्ली आणि लाडवांचा डबा घेऊन. तीही किल्ली लागते. लाडू बरे होते.

दुसऱ्या दिवशी हिशोब करायला गेलो तेव्हा जळकं मीटर मी पिशवीत टाकायला घेतलं. मामांनी ते हातातून काढून घेतलं.

‘राहू द्या इथंच. पेट्रोलचा काटा चांगला आहे त्याचा.’ आणि बिलातून दोनशे रुपये कमी केले.

‘अडीचशे करा,’ मी म्हणालो.