‘वकीलसाहेब’ मधला ‘वकील’ कसा गाळावा

तुम्ही सोलापूरचे. वकिलीची सनद मिळून सात वर्षं झाली. काळा कोट काखेत विटून तपकिरी झाला, गळ्यातले बँड धुऊन धुऊन पिवळे पडले, आणि सिनिअर अजून ‘अरे’ म्हणून हाक मारतात, तारीख घ्यायला पुढे पाठवतात. बार रूममध्ये चहाचे पैसे द्यायची वेळ आली की जी शांतता पसरते, त्या शांततेत तुमच्या मनात येतं, आपल्याला तारीख घेण्याखेरीज काहीच आलं नाही.

अहो, मग अजून शिकायचं राहिलंय काय? राजकारणात या.

मी याच कोर्टात बसून म्हातारा झालो. निवडणूक कधी लढवली नाही, म्हणून तर सल्ला देऊ शकतो. लढवून जिंकलेले लोक सल्ला देत नाहीत, शब्द देतात.

तुमच्याकडे एक अक्का आहे. साखर पेठेतली. विड्या वळून, हजारामागे मिळणाऱ्या मजुरीवर चार पोरं वाढवलेली. दिराशी दहा बाय बाराच्या खोलीचा दावा आहे. वकीलपत्रावर तिनं अंगठा उमटवला तेव्हा तुमचा कोट नवा होता. दर तारखेला ती कापडी पिशवीत कागद घेऊन येते, व्हरांड्यात भिंतीला टेकून बसते, पुकारा झाला की धडपडत उठते. बाहेर आल्यावर विचारते, ‘‘वकीलसाहेब, काय झालं आज?’’ तुम्ही म्हणता, ‘‘पुढची तारीख पडली, अक्का.’’ ती मान हलवते आणि रिक्षा बघायला लागते. हे नीट पाहून ठेवा. काहीही घडलेलं नाही आणि माणूस समाधानानं घरी गेलाय. या कलेला कोर्टाच्या आवारात वकिली म्हणतात, आवाराच्या बाहेर नेतृत्व.

पहिली अडचण जाहिरातीची. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, दारावरची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची लागते. सात वर्षं तुम्ही त्या बेताच्या पाटीखाली बसलात. आता वाढदिवसाला चार हुतात्मा पुतळ्यापासून सात रस्त्यापर्यंत डिजिटल फलक लावा. वकील म्हणून नाही लावायचा, ‘युवा नेते’ म्हणून लावायचा. नियम वकिलाला आहे, युवा नेत्याला नाही. वय कितीही असो. फोटोत हात जोडलेले, कोट काळाच, पण बँड काढलेला. खाली शुभेच्छुकांची चाळीस तोंडं. त्यातल्या बाराजणांचा जामीन तुम्हीच केलेला असेल तर उत्तम. हे लोक निवडणुकीत बूथवर बसतात आणि फी मागितली नव्हती हे विसरत नाहीत. फी मागितली असेल तर तेही विसरत नाहीत.

मग भाषा. या शहरात एका भाषेत मत मागणारा माणूस बाहेरगावचा समजला जातो. पूर्व भागात शिरलात की तेलुगूत ‘अन्ना, बागुन्नारा?’, अक्कलकोटच्या रस्त्याला लागलात की कन्नडमध्ये ‘हेंग इद्दीरी?’, विजापूर वेशीत सलाम, आणि उरलेल्या ठिकाणी आपलं नेहमीचं ‘काय बे, कधी आलास?’ एवढी वाक्यं पुरतात. समोरचा खरोखरच उत्तर द्यायला लागला तर फोन आल्यासारखं करा. जानेवारीत मात्र रजा घेऊन ठेवा. १२ तारखेला हुतात्म्यांना हार घालायचा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, चारही नावं न अडखळता म्हणता आली पाहिजेत. १९३० च्या मार्शल लॉनंतर या चौघांना १९३१ मध्ये येरवड्यात फाशी दिली. तेव्हा या गावात पुढारी होण्यासाठी काय काय करावं लागे, हा विचार हार घालताना मनात येऊ देऊ नका, फोटोत चेहरा पडतो. हार झाला की दुसऱ्याच दिवशी सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत. पांढरी बाराबंदी शिवून ठेवा, संमती कट्ट्यावर अक्षता पडताना कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला उभे राहा. उजव्या बाजूला आधीच तीन माजी आणि सहा भावी आमदार असतात.

आंदोलन करायचं ते नेहमीच्या जागी, पूनम गेटला. विषय कुठलाही चालेल, पाणी कायम चालतं. पंचवीस माणसं, एक घागर, एक माठ. माठ फोडायचा, घागर घरी न्यायची. पोलीस जमावबंदीच्या ३७(१)(३) चं उल्लंघन लावतील, कामात अडथळा आणल्याचं कलमही कदाचित जोडतील. ते पूर्वी ३५३ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १३२ झालंय. नवा आकडा पाठ करा, पण सभेत ३५३ च म्हणा. आपल्या पुढाऱ्यांच्या दोन पिढ्या त्या आकड्यावर मोठ्या झाल्या. गुन्ह्याची काळजी करू नका. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घ्यायचे शासन निर्णय अधूनमधून निघत असतात. अक्काचा दावा मागे घ्यायचा निर्णय कुणी काढत नाही, कारण तिनं रस्ता अडवलेला नाही.

आता सायटेशन, म्हणजे आधीच्या निवाड्याचा दाखला. वकील माणूस सायटेशनशिवाय तिकीट मागायला गेला तर शोभत नाही.

पहिलं सायटेशन सगळ्यांना ठाऊक आहे. सोलापूरच्याच कोर्टात शिपाई म्हणून लागलेले सुशीलकुमार शिंदे कायदा शिकले, फौजदार झाले, करमाळ्यातून आमदार झाले, २००३ मध्ये मुख्यमंत्री आणि २०१२ मध्ये देशाचे गृहमंत्री. तेव्हापासून आमच्या बारमध्ये कोर्टाच्या शिपायाशी कुणी मोठ्यानं बोलत नाही. पण हा रस्ता तुम्हाला उपयोगाचा नाही. त्याला खालून सुरुवात करावी लागते आणि तुम्ही तर मधूनच चढणार आहात.

दुसरं २०१४ चं. त्याच गृहमंत्र्यांना सोलापुरात हरवलं कुणी? वकिलानंच, ॲड. शरद बनसोडे यांनी. हे सायटेशन वाचताना इथंच थांबायचं, पुढचं पान उलटायचं नाही. पुढच्या पानावर लिहिलंय की २०१९ ला त्यांना तिकीटच मिळालं नाही. त्या निवडणुकीत एका बाजूला कायदा शिकलेले शिंदे, दुसऱ्या बाजूला ॲड. प्रकाश आंबेडकर, आणि समोर डॉ. जयसिद्धेश्वर महास्वामी. दोन्ही बाजूंनी एवढा कायदा उभा असताना मतदारांनी निकाल महास्वामींना दिला, दीड लाखाहून जास्त मतांनी. मतदारसंघ राखीव. जात पडताळणी समितीनं २०२० मध्ये त्यांचा दाखला अवैध ठरवला, प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि खासदारकीची पाच वर्षं यथासांग पूर्ण झाली. वकील हरले, वकिली जिंकली.

सांगोल्याचं सायटेशन मात्र चुकूनही कुणाला दाखवू नका. गणपतराव देशमुख वकीलच होते. १९६२ पासून अकरा वेळा आमदार, एकच मतदारसंघ, एकच पक्ष, तोही शेकाप, आणि प्रवास एसटीनं. असा माणूस धंद्याला फार घातक. एसटीत बसलेला आमदार एकदा लोकांनी पाहिला की तुमच्या गाडीच्या काचा काळ्या का, हा प्रश्न सुरू होतो. नशीब, महाराष्ट्राच्या लक्षात त्यांचं विधानसभेतलं एकही भाषण राहिलं नाही. त्याच सांगोल्याच्या पुढच्या आमदारांनी जून २०२२ मध्ये गुवाहाटीहून फोनवर केलेलं झाडी, डोंगार आणि हाटीलचं वर्णन मात्र शेंबड्या पोराला पाठ आहे. अकरा टर्म एका पारड्यात, मिनिटभराची क्लिप दुसऱ्यात. तराजू तुम्ही रोज कोर्टात बघताच.

गुवाहाटीचा विषय निघालाच आहे तर पक्षांतराचंही सांगतो, कारण वकिलीचं शिक्षण खरं इथं कामाला येतं. वकिलाला पक्षकार असतो, पुढाऱ्याला पक्ष. पक्षकार बदलला तर वकील तोच राहतो, हे तत्त्व पक्षालाही लागू करा. १९८५ ला पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली तेव्हा फुटायला एक तृतीयांश पुरत. २००३ च्या दुरुस्तीनं ती सोय गेली, आता विलीनीकरणाला दोन तृतीयांश लागतात. महागाई सगळीकडेच आहे. पण दोन तृतीयांश न जमवताही एक वाट असते, ‘आम्ही फुटलोच नाही, मूळ पक्ष आम्हीच.’ हा बचाव ज्यानं पहिल्यांदा सुचवला तो नक्की दिवाणी बाजूचा वकील असणार. कुळकायद्याच्या दाव्यात आम्ही हाच घेतो. निवाडा विधानसभा अध्यक्षांनी करायचा. महाराष्ट्रात शिवसेनेतली फूट जून २०२२ ची, सुप्रीम कोर्टानं मे २०२३ मध्ये सांगितलं की वाजवी मुदतीत निर्णय द्या, निर्णय आला १० जानेवारी २०२४ ला, आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र झाला नाही. अध्यक्षही वकील होते हे सांगायलाच नको. वाजवी मुदत म्हणजे काय, हे अक्काला कळलं असतं तर तिनं खोलीचा दावा न लावता आमदारकीचा अर्ज भरला असता. अनामत विधानसभेला १०,००० रुपये, एक षष्ठांश मतं पडली नाहीत तर जप्त. तिनं दाव्यापायी आतापर्यंत याहून जास्तच भरलेत.

निवडून आलात की काम सोपं आहे. रोज तारखा द्यायच्या. सोलापूरकराला तारखेची सवय लावावी लागत नाही, तो तारखेवरच जगतो. नळाला पाणी किती दिवसांनी येणार, हे तो पंचांगासारखं बघतो. उजनी धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा असतो. आश्वासनांचं प्रमाणही साधारण तेवढंच ठेवा. समांतर जलवाहिनीचा उल्लेख प्रत्येक भाषणात हवा. विमानाचंही तसंच. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी उतरत्या विमानाला आडवी येते, हा वाद किती वर्षं चालला, किती मनाई हुकूम झाले, किती मोर्चे निघाले! शेवटी १५ जून २०२३ ला चिमणी पाडली. लोक वर बघत बसले. त्यानंतरचं पहिलं नियमित प्रवासी विमान जून २०२५ मध्ये उडालं, गोव्याला. चिमणी जाऊन विमान येईपर्यंतच्या दोन वर्षांत तुम्हाला भाषणात किती वेळा ‘लवकरच’ म्हणता आलं असतं, याचा हिशेब करा आणि हळहळा.

खुद्द निवडणुकीलासुद्धा तारखा पडतात, हे तर तुम्ही पाहिलंच. महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली, मग ओबीसी आरक्षणाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात, मग पुढची तारीख, मग प्रशासक, परत तारीख. मे २०२५ मध्ये कोर्टानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं, त्यालाही मुदतवाढ मागून घेतली. सोलापूरला नगरपालिका आली १८५२ मध्ये. तेव्हा इंग्रज होते. आता जवळपास चार वर्षं गावाला नगरसेवक नव्हता आणि कचरा पूर्वीइतकाच उचलला जात होता. ही गोष्ट प्रचारात काढू नका.

कोट फेकून देऊ नका. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, आमदार-खासदाराला वकिली करायला मनाई नाही. कपाटात असू द्या. पराभव झालाच तर इस्त्री करून परत घालता येतो, आणि बार रूममध्ये आता तुम्हाला कुणी ‘अरे’ म्हणत नाही.

एक दिवस जनता दरबारात अक्का येईल. केस पांढरे, पिशवी तीच. तुमचा पीए तिला रांगेत उभं करेल, तुम्ही लांबूनच ओळखाल आणि कागदात मान घालाल. सगळं गाव आता तुम्हाला नुसतं ‘साहेब’ म्हणतं. ती एकटीच जुनी हाक मारेल, ‘‘वकीलसाहेब, माझ्या खोलीचं?’’ तिच्या अर्जावर तिरक्या अक्षरात ‘योग्य ती कार्यवाही करावी’ लिहा, खाली सही, शिक्का पीए मारेल. तरीही ती हलली नाही आणि म्हणाली, तुम्हाला वेळ नसेल तर दुसरा वकील बघते, कागद परत द्या, तर घाबरू नका. हसून सांगा, अक्का, त्यासाठी आधी माझं वकीलपत्र काढून घ्यावं लागेल. कोर्टात अर्ज द्या. तारीख मिळेल.