पट्टीवरचं बोट: दिवाणजी काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दिवाणजी काका, नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, ‘सांगली मार्केट यार्डातला निवृत्त दिवाणजी’ एवढीच सही केली आहे, म्हणून काका म्हणते. ‘एक्सेलचे चाळीस शॉर्टकट’ (म्हणजे माउसऐवजी कीबोर्डची बटणं दाबून काम करायच्या रीती) या माझ्या लेखावर तुम्ही जे लिहिलंत, ते सगळ्यांना कळावं म्हणून थोडक्यात इथे देते: “हिशोबात वेग हा गुण नव्हे. आम्ही रोजकीर्द (रोजची नोंदवही) आणि खतावणी (खातेवही) हाताने लिहिली, कुणी घड्याळ लावून बसलं नाही. माउसवाला निदान बघून क्लिक करतो, बटणं बडवणारा न बघता पुढे जातो. चाळीस बटणं पाठ करायला लावून पोरांची डोकी शिणवू नका, आधी ताळा घ्यायला शिकवा. हे शॉर्टकट म्हणजे आजकालचं फॅड आहे.”

चार दिवस उत्तर दिलं नाही. यातलं मला काय पटलंय आणि काय नाही, हे आधी स्वतःशी नीट ठरवायचं होतं.

पटलेलं आधी सांगते. ‘शॉर्टकट वापरले की कामाचा वेळ निम्मा होतो’ असं मी लिहिलं होतं. ते मी कधी मोजलं नव्हतं. लिहिण्याच्या भरात लिहून गेले. आणि चाळीसची यादीही चुकलीच. आठवड्यातून दोनदा संगणक उघडणाऱ्या माणसाला चाळीस बटणांचा काय उपयोग? मी स्वतः रोज काम करते तरी मला हाताशी लागतात ती दहा-बारा. बाकीची मी यादी भरायला घातली होती.

आता न पटलेलं. माउसवाला बघून करतो, असं तुम्ही म्हणता. काका, तो काय बघतो? माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे.

मार्च-एप्रिलमध्ये हळद आणि बेदाणा दोन्हीचे सौदे जोरात असतात, तेव्हा एकेका दिवसाच्या शंभर-सव्वाशे पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, टेबलावर येतात. हे तुम्हाला मी काय सांगायचं! पट्टीवर शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर. डाव्या हाताचं बोट पट्टीवरच्या ओळीवर. उजव्या हातात माउस असेल तर नजर पट्टीवरून उठते, पडद्यावर बाण शोधते, बाणाने सेल (आकड्याचं घर) शोधते, तिथे क्लिक होतं, मग हात माउस सोडून आकड्यांच्या बटणांवर येतो आणि नजर परत पट्टीवर जाते. एका आकड्यासाठी एवढा प्रवास. १४६० चे १६४० होतात ते याच वाटेत. त्याहून वाईट म्हणजे क्लिक एक ओळ वर किंवा खाली पडतं आणि एका शेतकऱ्याचं वजन दुसऱ्याच्या नावावर चढतं. एकूण बेरीज बरोबर येते, चूक कुठेच दिसत नाही, आणि बिचारा शेतकरी आठवड्याने पट्टी घेऊन दारात उभा राहतो.

म्हणून मी माउस बाजूला ठेवायला सांगते. नजर कागदावरून उठू नये म्हणून. वेग त्याच्या मागोमाग येतो, आणि नाही आला तरी माझी तक्रार नाही.

मी कसं करते ते सविस्तर सांगते, कारण मूळ लेखात हे कुठेच नव्हतं आणि असायला हवं होतं. पट्ट्या मी दोन फेऱ्यांत भरते. पहिल्या फेरीत फक्त नावं आणि गावं. दुसऱ्या फेरीत फक्त आकडे. आकड्यांच्या फेरीआधी एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये, अॅडव्हान्स्ड या भागात, एंटर दाबल्यावर कुठल्या दिशेला जायचं ते ‘राइट’ करून ठेवते. मग पोती, वजन आणि दर हे तीन रकाने, जेवढ्या पट्ट्या तेवढ्या ओळी, आधीच निवडून घेते. आता आकडा, एंटर, आकडा, एंटर. तिसरा आकडा झाला की कर्सर आपोआप पुढच्या ओळीच्या पहिल्या रकान्यात येतो. आकड्यांच्या पॅडवर मधल्या ५ ला छोटा उंचवटा असतो, त्यावरून बोटांना जागा कळते. उजवा हात पॅडवरून हलत नाही, डावं बोट पट्टीवरून हलत नाही. मागे जायचं झालं तर शिफ्ट-एंटर. बाणाचं बटण मात्र दाबायचं नाही, निवड सुटते.

सेटिंग बदलायचं नसेल तर टॅबने आडवं जायचं आणि ओळीच्या शेवटी एंटर मारायचं. जिथून सुरुवात केली त्याच रकान्यात, पुढच्या ओळीवर, एक्सेल आपल्याला आणून सोडतं. पण टॅबला डावा हात लागतो, म्हणून मला पहिली रीत बरी वाटते.

आता गावं. आपल्याकडे कवठेमहांकाळ लिहायच्या किती तऱ्हा आहेत बघा. कुणी जोडून लिहितो, कुणी तोडून, कुणी मध्ये रेघ देतो. माणसाला ते एकच गाव. यंत्राला तीन गावं. वर्षाखेरीस गाववार बेरीज काढायला गेलं की कवठेमहांकाळ तीन जागी विभागलेलं सापडतं. आल्ट दाबून खालचा बाण दाबला की त्याच रकान्यात आधी लिहिलेल्या नावांची यादी खाली उघडते. त्यातलं निवडायचं, पुन्हा टाइप करायचंच नाही. वरच्या ओळीतलंच गाव पुन्हा हवं असेल तर कंट्रोल-डी. वहीत तुम्ही ‘सदर’ लिहीत होता, तेच.

तारखेचंही तसंच. कंट्रोल आणि अर्धविराम एकत्र दाबला की आजची तारीख कायमची उमटते. तारखेसाठी ‘टुडे’चं सूत्र टाकणारे मी पाहिलेत. ते सूत्र रोज बदलतं, म्हणजे आज केलेली पट्टी उद्या उघडली की उद्याची तारीख दाखवते. आणि हाताने ५/३ लिहिलं आणि संगणकाचं सेटिंग अमेरिकी पद्धतीचं असलं तर ५ मार्चचा ३ मे होतो. शॉर्टकटने या दोन्ही चुका टळतात.

हमालीचा दर एका सेलमध्ये ठेवून सगळ्या ओळींना लावायचा असतो, तिथे एफ-४. सूत्र लिहिताना त्या सेलच्या पत्त्यावर असताना एकदा दाबलं की पत्त्याला डॉलरची खूण लागते आणि सूत्र कितीही खाली नेलं तरी दर त्याच सेलमधून उचलला जातो. पुन्हा दाबत गेलं तर आधी फक्त ओळ बांधली जाते, मग फक्त रकाना, चौथ्यांदा सगळं सुटतं. लॅपटॉपवर हे बटण आवाज किंवा उजेड कमी-जास्त करत असेल तर सोबत एफएन धरावं लागतं.

‘न बघता पुढे जातो’ हा तुमचा आरोप माझ्याकडून एकदा खरा झालाय, तो लपवत नाही. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, बेदाण्याची यादी होती, ८६ पट्ट्या. ५२ व्या पट्टीचं वजन काट्यावरून यायचं होतं म्हणून ते घर मी मोकळं ठेवलं आणि पुढे गेले. शेवटी आल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबून बेरीज घेतली. ही बेरीज खालून वर आकडे धरत जाते आणि मोकळं घर आलं की थांबते. तिने धरली फक्त शेवटची ३४ घरं. मी एंटर मारलं आणि कागद पुढे दिला. संध्याकाळी व्यापाऱ्याच्या आकड्याशी मेळ बसेना तेव्हा कळलं. सगळ्या पट्ट्या पुन्हा काढल्या, रात्रीचे साडेअकरा वाजले.

ती चूक माझी होती. माउसने बेरजेच्या बटणावर क्लिक केलं असतं तरी यंत्राने तीच ३४ घरं धरली असती. चूक हाताच्या सवयीत नव्हती, ताळा न घेण्यात होती. म्हणजे तुम्ही जिथे बोट ठेवलंत तिथेच. त्या दिवसापासून आल्ट-बरोबर दाबल्यावर मी लगेच एंटर मारत नाही. सेलभोवती हलणारी तुटक रेघ दिसते, ती पहिल्या पट्टीपर्यंत पोचली का ते बघते. आणि त्याआधी रकान्यात उभं राहून कंट्रोल-स्पेस दाबते. पूर्ण रकाना निवडला जातो आणि पडद्याच्या तळाच्या ओळीत ‘काउंट’, म्हणजे भरलेल्या घरांची संख्या, दिसतो. शीर्षकाचं एक घर वजा केलं की तो हातातल्या पट्ट्यांच्या मोजणीशी जुळला पाहिजे. त्या दिवशी बघितला असता तर ८५ दिसले असते आणि मी तिथेच थांबले असते.

बेरजेआधी पट्ट्या मोजायच्या, ही तुमच्याच पिढीची शिस्त. माझे वडील हळदीच्या पेढीवर होते. लाल कापडी बांधणीची खतावणी, संध्याकाळी एक जण आकडे मोठ्याने वाचायचा आणि दुसरा वहीत खूण करत जायचा. मी शाळेतून आले की तिथे बसून ते ऐकायची.

ते आता कसं करायचं, कारण माझ्या टेबलाशी वाचायला दुसरं कुणी नसतं? एक्सेलमध्ये ‘स्पीक सेल्स ऑन एंटर’ नावाची सोय आहे. ती नेहमीच्या बटणांत दिसत नाही, वरच्या क्विक अॅक्सेस टूलबारमध्ये स्वतः आणून ठेवावी लागते. एकदा ठेवली की आल्ट आणि तिचा क्रमांक दाबून चालू-बंद करता येते. चालू असताना प्रत्येक एंटरला संगणक नुकताच लिहिलेला आकडा मोठ्याने वाचतो. वाचतो इंग्रजीत, उच्चारही परका, पण आकडा कळतो. नजर पट्टीवर, कान यंत्राकडे. १४६० च्या जागी सोळाशे चाळीस ऐकू आलं की हात तिथल्या तिथे थांबतो. मी हे वापरायला लागले त्या पहिल्या दिवशी मला वडिलांची पेढी आठवली आणि थोडा वेळ काम बाजूला ठेवावं लागलं. माउसने भरताना याचा तितका उपयोग होत नाही, कारण डोळे पडद्यावर गुंतलेले असतात, पट्टीशी ताडून बघायला मोकळे नसतात.

काही शॉर्टकट धोक्याचे आहेत हेही मान्य करते, आणि मूळ लेखात मी ते इतरांच्याच रांगेत बसवले होते हा दोष आहे. कंट्रोल-डी निवडलेल्या घरात आधी काय लिहिलंय ते विचारत नाही, सरळ त्यावर लिहितो. कंट्रोल-वजा निवडलेली ओळच्या ओळ काढून टाकतो. फिल्टर लावलेल्या यादीत बाहेरून काही पेस्ट केलं तर ते लपलेल्या ओळींतही जाऊन बसतं आणि पडद्यावर दिसत नाही. माझ्याकडे रविवारी विश्रामबागेत शिकायला येणाऱ्या मुलींना यापुढे मी पहिला महिना यातलं काही सांगणार नाही. कंट्रोल-झेडने मागे येता येतं, पण चूक झाली हे कळलं तरच.

फॅडचं मात्र थोडं सांगायला हवं. पहिलं गाजलेलं स्प्रेडशीट (एक्सेलसारखा रकान्यांत हिशोब करायचा प्रोग्रॅम) १९७९ मधलं व्हिजिकॅल्क. ते सगळं बटणांवरच चालायचं. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आलं. त्यात तिरकी रेघ दाबली की वर मेनू उघडायचा आणि एकेका अक्षराने पुढे जायचं. एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आलं, आणि माउसने हिशोब करायची सवय त्यानंतर पसरली. लोटसवाल्या लोकांचे हात अडू नयेत म्हणून ती तिरकी रेघ एक्सेलने ठेवली. आजही मोकळ्या सेलवर ती दाबून बघा, वरच्या मेनूवर अक्षरं उमटतात. तुमच्या पेढीवर पहिला संगणक आला तेव्हा त्याला माउस होता का काका? मला खरंच जाणून घ्यायचंय.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल. मूळ लेखातलं ‘वेळ निम्मा होतो’ हे वाक्य मी आज रद्द केलंय. पुसलं मात्र नाही. खतावणीत खाडाखोड चालत नसे, चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, आकडा खाली वाचता येईल अशी, आणि शेजारी सही. तशीच रेघ त्या वाक्यावर मारली आहे आणि शेजारी तारीख घातली आहे. एक्सेलमध्ये ती रेघ कंट्रोल-५ ने येते. तो ५ वरच्या ओळीतला, पॅडवरचा नाही. चाळीसच्या यादीत हा शॉर्टकट नव्हता.