ह्यो बीट कोनाचा?

शिमगा करून काल रात्री डोंबिवलीला पोचले. पिशव्या अजून दारातच आहेत, पाठ धरली आहे, नाकातली धूळ निघत नाहीये. तरी आधी हे लिहून घेते आणि मग आवरते. कारण मुंबई-गोवा महामार्गाबद्दलचा आपला राग मला माहीत आहे. गाडी कळंबोलीच्या पुलावर चढली की तो उतरतो, आणि पुढच्या सणाला निघालो की पुन्हा वडखळला चढतो.

तुतारी एक्सप्रेसचं तिकीट वेटिंगवरच राहिलं म्हणून येताना भाच्याच्या गाडीने निघालो. वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो. बाजूला महामार्गाच्या कामाचा फलक होता. तुम्ही पाहिला असेल तसला निळा पत्रा, त्यावर कामाचं नाव, लांबी, खर्च, ठेकेदार, मुदत, दोषदायित्व कालावधी. म्हणजे हे सगळं असणार असा माझा अंदाज, कारण दिसत काहीच नव्हतं. त्यावर चारी कोपऱ्यांना सुतळी बांधून फ्लेक्स ताणला होता: ‘शिमगोत्सवानिमित्त कोकणात येणाऱ्या सर्व चाकरमान्यांचे हार्दिक स्वागत’. मधोमध हात जोडलेला एक मोठा चेहरा, खाली दोन रांगांत पासपोर्ट साइजचे अकरा. त्यातल्या एकाने गॉगल घातलाय. आजूबाजूला झाडं होती, विजेचे खांब होते, टपरीची भिंत होती. पण बांधला तो नेमका त्या फलकावर.

माझं डोकं फिरलं. का फिरलं ते सांगायचं तर अण्णांपासून, म्हणजे माझ्या वडिलांपासून सांगावं लागेल.

आमची दीड एकर जमीन कोकण रेल्वेत गेली आणि त्या बदल्यात अण्णांना नोकरी लागली. कीमन म्हणून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कीमन म्हणजे रोज आपल्या वाटणीचा रूळ चालत तपासणारा माणूस. त्याच्या वाटणीला बीट म्हणतात, साधारण सहा किलोमीटरचा. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल झेंड्या आणि फटाके. (दिवाळीचे नव्हेत. रुळावर ठेवायचे, इंजिन वरून गेलं की वाजतात आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो.) अण्णा चालताना मान खाली घालून चालत. लग्नाच्या वरातीतसुद्धा! आई म्हणायची, नवरदेव बघा, रुळाच्या क्लिपा कसल्या मोजताय. पण त्यांच्या बीटातली एखादी क्लिप सैल निघाली असती, तर त्या दिवशी तिथून कोण चालत गेला होता हे रजिस्टर उघडून पाच मिनिटांत सांगता आलं असतं. हे त्यांना माहीत होतं आणि साहेबालाही माहीत होतं.

सहा वर्षांपूर्वी श्रावणात दादा अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. मोटरसायकलने. परतताना अंधार पडला, पाऊस होता. पुलाचं काम चालू म्हणून रस्ता बाजूने वळवला होता. त्या वळणावर दिवा नाही, फलक नाही. डांबराचं एक पिंप उभं केलेलं म्हणे, ते पाण्याने कुठेतरी गेलेलं. खड्डा पाण्याखाली होता. दादाच्या हाताला खरचटलं, अण्णांचा खुबा मोडला.

हवालदार आला, पंचनामा झाला. गाडी कोण चालवत होतं, लायसन आहे का, हेल्मेट होतं का, विमा चालू आहे का. सगळं विचारलं. रस्ता कोणी वळवला हे विचारलं नाही. आणि गुन्हा दादावर दाखल झाला. तेव्हाच्या भारतीय दंड विधानाची कलमं २७९ आणि ३३८. म्हणजे बेदरकारपणे वाहन चालवून स्वतःच्याच बापाला गंभीर दुखापत केली! पुढे वर्षभर तो तारखांना जात होता. पंचनाम्याची प्रत मी वाचली आहे. त्यात ‘रस्त्याची स्थिती’ असा रकाना आहे. त्यापुढे निळ्या शाईत एकच शब्द: ओला.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी अण्णांजवळ होते. वेदनेने झोप नव्हती त्यांना. मधेच मला म्हणाले, “बाय, ह्यो बीट कोनाचा?”

मला वाटलं भ्रम झालाय, रुळावर आहोत असं वाटतंय त्यांना. भ्रम नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं की रस्त्याच्या त्या तुकड्यावरून त्या दिवशी कोण चालत गेला, कोणी सही केली. एकोणीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे कळतच नव्हतं की एवढा मोठा रस्ता आहे आणि त्याला बीटच नाहीत.

आता मुंबई-गोवा महामार्गाबद्दल तुम्हाला मी काय सांगायचं. २०११ साली पनवेल-इंदापूरचं चौपदरीकरण सुरू झालं तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. आता ती सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बहुतेक तीच पास होऊन येईल आणि उरलेलं पूर्ण करेल. आरवली ते कांटे, कांटे ते वाकेड, या रखडलेल्या टप्प्यांची नावं आता मुंबईत जन्मलेल्या पोरांनाही पाठ झालीत. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरचा पूल २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बांधता बांधताच कोसळला. माणूस मेला नाही हे नशीब. हायकोर्टात जनहित याचिका झाल्या, सरकारने तारखा दिल्या, तारखा गेल्या, नव्या दिल्या. मंत्री गणपतीच्या आधी पाहणी दौरा करतात. दौऱ्याच्या आदल्या रात्री खड्ड्यात खडी पडते, आणि अनंत चतुर्दशीला ती खडी शेजारच्या भातात असते.

आणि याच डोंगरात, याच पावसात, याच लाल मातीत १९९० ला कोकण रेल्वेचं महामंडळ स्थापन होऊन १९९८ च्या जानेवारीत रोह्यापासून पार मंगळूरच्या अलीकडे ठोकूरपर्यंत रेल्वे धावायला लागली. ७४१ किलोमीटर. ९१ बोगदे. बोगदे खणताना ओली माती अंगावर येत होती, माणसं गेली त्यात. पण झालं.

हो, माहीत आहे, लगेच कोणीतरी लिहील की महामार्गाला जमिनी मिळत नाहीत, लोक कोर्टात जातात, दुकानं हलत नाहीत. मान्य. रेल्वेलाही जमिनीच लागल्या होत्या, हवेत नाही बांधली. आणि सावित्रीचा पूल? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला तो ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसट्या गेल्या, आपल्यातले किती जण त्या रात्री फोन लावत बसले होते. त्यानंतर तिथे नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. एकशे पासष्ट! म्हणजे येतं. यांना सगळं येतं. चाळीस माणसं मेल्याशिवाय करायचं नाही एवढंच.

रेल्वे फार सोवळी आहे असं नाही म्हणत मी. कोकण रेल्वेच्या पट्ट्यात १०० किलोमीटरला १४० चं भाडं लावतात, एवढी वर्षं निमूट भरतोय. दादर-रत्नागिरी पॅसेंजर कोरोनात बंद झाली ती परत आली दिवा स्टेशनपर्यंतच, आणि दिवा स्टेशनात गर्दीच्या वेळी बोचकी घेऊन उतरणं काय असतं ते विचारायला या कधी माझ्याकडे. आता महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायचं म्हणतायत, महाराष्ट्राने २०२५ ला होकारही दिला. होऊ दे बापडं.

पण एक गोष्ट बघा. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड आली, गाडी घसरली, पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच पावसात मत्स्यगंधाला अपघात झाला. असा अपघात झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्त येतात आणि चौकशी करतात. आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखालचे नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. ज्याची चूक असू शकते त्यानेच तपास करायचा नाही म्हणून. त्यानंतर कटिंगचे, म्हणजे रुळासाठी कापलेल्या डोंगराचे, उतार कमी केले, जाळ्या मारल्या, पावसाळ्यात वेग उतरवला, रात्रभर गस्त वाढवली. अण्णांना ते दिवस आठवतात. भरपावसात बत्ती घेऊन चालणारे दोन पॅट्रोलमन मधे कुठेतरी भेटायचे, एकमेकांच्या वहीवर सही करायचे आणि माघारी फिरायचे. आपण वरच्या बर्थवर झोपलेलो असायचो.

रस्त्यावर माणूस मेला तर कोण येतं? हवालदार येतो.

कायदा नाही असंही नाही. २०१९ ला मोटार वाहन कायद्यात १९८-अ कलम घातलं. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम, देखभाल मानकाप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर संबंधित अधिकारी, सल्लागार किंवा ठेकेदाराला दंड. किती? एक लाखापर्यंत. कोट्यवधींच्या ठेक्यात एक लाख. भजीवर मीठ नाही पडत तेवढ्यात. आणि तोही कोणी भरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर घरच्यांना ६ लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख, आणि ते जबाबदार माणसाकडून वसूल करा. बरं वाटलं वाचून, खोटं कशाला बोलू. पण जबाबदार कोण हे शोधायला आधी नाव लागतं ना हो? आणि नाव असतं त्या निळ्या पत्र्यावर. आणि पत्र्यावर गॉगलवाला बसलाय.

त्या हवालदाराचा राग आता येत नाही मला. तेव्हा फार आला होता. बिचारा रात्री दीड वाजता भिजत उभा होता, दादाला स्वतःच्या पैशाने चहा पाजला त्याने. त्याच्या कागदात रकानाच नव्हता, तो काय लिहिणार. ओला लिहिलं.

तर मी काल काय केलं, चहाचा ग्लास खाली ठेवला आणि फ्लेक्सचा खालचा कोपरा सोडला. भाचा ओरडला, “मावशी, नको ना, इथलीच माणसं आहेत, उगाच गाडीवर दगड येईल.” टपरीवाला हसत होता. म्हणाला, “बगा, बगा, कोन बगत नाय ता.” मी वाचलं. ठेकेदाराचं नाव आहे (इथे लिहीत नाही, वकील मित्रांनी दटावलंय). दोषदायित्व कालावधी आहे, वर्षं लिहिली आहेत. म्हणजे तेवढ्या वर्षांत काम उखडलं तर त्याने स्वतःच्या खिशातून दुरुस्त करायचं. पण ती वर्षं मोजायची कधीपासून? काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून. आणि त्या तारखेपुढे पत्रा कोरा.

समजलं का? काम पुरं होत नाही, म्हणून दोषदायित्व सुरूच होत नाही. भाचा म्हणतो तोपर्यंतची देखभालही ठेकेदाराकडेच असते, करारात असतं तसं. असेल बाबा. मग अण्णा पडले तेव्हा करार कुठे होता?

अण्णा आता काठी घेऊन चालतात. या शिमग्याला पालखी अंगणात आली तेव्हा खुर्चीत बसून होते, नाचवता येत नाही म्हणून डोळे पुसत होते. इतकी वर्षं पालखी खांद्यावर घेतलेला माणूस तो. निघताना म्हणाले, “रेल्वेनं जा गो, रस्त्यानं नको.” तिकीट नाही म्हटल्यावर गप्प झाले.

फ्लेक्सचा कोपरा मी परत बांधला. हो, बांधला. भाच्याची गाडी नवी आहे.

पण फोटो काढलाय. माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकणार आहे, दहा रुपये फी लागते, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमच्या भागाचा अर्ज नक्की कोणत्या कार्यालयाच्या नावाने करायचा तेवढं कोणीतरी सांगा. तिकडे दोघांना विचारलं, दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. प्रश्न एकच लिहिणार आहे, अण्णांचाच, फक्त जरा सरकारी मराठीत. आधी कोणी असा अर्ज केला असेल तर नमुना इनबॉक्स करा.

आणि आईने कुळथाचं पीठ दोन किलो जास्त दिलंय. डोंबिवलीतल्यांनी संध्याकाळी येऊन न्या.