आपल्या चुका त्या यादीत नसतात

'हमखास चुकणारे इंग्रजी शब्द' अशी एक यादी अधूनमधून व्हॉट्सॲपवर फिरत येते. आधी अफेक्ट-इफेक्ट, मग दोन प्रकारचं इट्स, मग दोन प्रकारचं देअर. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांतही तीच, फक्त क्रम बदलून. माझं म्हणणं असं की ही यादी मुळात आपल्यासाठी केलेलीच नाही. ती इंग्रजांच्या पोरांसाठी आहे.

त्यांची पोरं भाषा आधी कानाने शिकतात. 'देअर' त्यांच्या तोंडात केव्हाच बसलेलं असतं, लिहायची वेळ आली की कुठलं स्पेलिंग, इथे अडतं. आपलं उलटं. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधीच्या आम्ही लोकांनी पाचवीत एबीसीडी गिरवली आणि स्पेलिंगं घोकली. अशा माणसाचं 'देअर' सहसा चुकत नाही. त्याचं चुकतं 'पर्यंत'.

'शुक्रवारपर्यंत थांबतो' आणि 'शुक्रवारपर्यंत रिपोर्ट देतो'. आपल्याला दोन्हीकडे पर्यंतच. इंग्रजीत पहिल्याला अनटिल किंवा टिल, दुसऱ्याला बाय. ऑफिसच्या मेलमध्ये 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे' असं सर्रास लिहिलं जातं. परदेशातला क्लायंट ते वाचून बुचकळ्यात पडतो, की हा माणूस शुक्रवार उजाडेस्तोवर रोज रिपोर्टच पाठवत बसणार की काय! यावर उपाय मराठीतच आहे. 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून बघा. 'शुक्रवारच्या आत देतो' चालतं, म्हणजे बाय. 'शुक्रवारच्या आत थांबतो' कोणी म्हणणार नाही, म्हणजे अनटिल. हे एवढं कुठल्या गाइडात छापलेलं मला तरी दिसलेलं नाही.

'पासून'चंही तेच. सोमवारपासून, दोन वर्षांपासून, दोन्ही आपल्याला सारखंच. म्हणून 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स'. इथे 'पासून' काढून पुढे 'गेली' लावता येतं का ते बघायचं. 'गेली दोन वर्षं इथे राहतोय' बरोबर वाटतं ना? मग फॉर. 'गेला सोमवार इथे राहतोय' म्हणून बघा, जीभच अडखळते. तिथे सिन्स. (क्रियापदाचं रूपही बदलावं लागतं, 'हॅव बीन लिव्हिंग' वगैरे, पण तो वेगळा विषय आहे.)

मग उसने. उसने देणे, उसने घेणे. शब्द एकच, दिशा सांगायची जबाबदारी देणे-घेणेवर. इंग्रजीत देणाऱ्याचं लेंड, घेणाऱ्याचं बॉरो. त्यामुळे 'विल यू बॉरो मी युअर पेन' वर्गावर्गात ऐकू येतं आणि मागच्या बाकावरून कोणीतरी खिदळतं. खिदळणाऱ्याला हे सांगा की जर्मन भाषेतही या दोन्हींना 'लायेन' हा एकच शब्द पुरतो आणि इंग्रजी शिकणारे जर्मनही नेमके इथेच आपटतात. मग याला अडाणीपणा का म्हणायचं? आपली भाषा एका शब्दात भागवते, समोरची दोन मागते, इतकंच.

अशा आणखी कितीतरी आहेत. आठवण राहण्याला रिमेंबर, आठवण करून देण्याला रिमाइंड. 'प्लीज रिमेंबर मी टुमारो' हे ऐकायला निरोपाच्या भाषणासारखं वाटतं. मजेला फन, हसू येईल अशा गोष्टीला फनी. सहलीला मजा आली म्हणून 'ट्रिप वॉज व्हेरी फनी' लिहिलं की वाचणारा विचारतो, कोण पडलं?

यांच्यापुढे स्टेशनरीचं काय घेऊन बसायचं? दुकानाच्या इंग्रजी पाटीवर 'ई'च्या जागी 'ए' पडला की लोक फोटो काढून टाकतात, खाली हसण्याच्या इमोज्या. पाटी वाचून वही घ्यायला आलेला माणूस कधी परत गेलाय का? शिवाय 'ई'वाला (लेखनसामान) आणि 'ए'वाला (स्थिर), दोन्ही शब्दांचं मूळ एकच. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'स्टेशनारियस' म्हणजे फिरता विक्रेता नव्हे, तर एका जागी ठाण मांडून बसलेला दुकानदार. असे दुकानदार विद्यापीठांजवळ पुस्तकं आणि लेखनसामान विकायचे. म्हणजे आपल्या कोपऱ्यावरचा दुकानदार अगदीच चुकलेला नाही.

लेस-फ्यूअर ही 'कमी'ची जोडीही अशीच. मोजता येणाऱ्या वस्तूंना फ्यूअर म्हणावं असं रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने 1770 साली सुचवलं, तेही स्वतःला बरं वाटतं म्हणून. पुढे लोकांनी त्याचा नियम केला. त्याच्या आधी शेकडो वर्षं इंग्रज मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या, दोन्हींना लेस म्हणत आले होते. ब्रिटनमध्ये टेस्को या सुपरमार्केटच्या काउंटरवर 'टेन आयटम्स ऑर लेस' असा बोर्ड असायचा. त्यावर व्याकरणवाले इतके चिडले की 2008 मध्ये कंपनीने तो बदलून 'अप टू टेन आयटम्स' करायचं ठरवलं. लेस नाही, फ्यूअरही नाही. ज्यांची भाषा आहे ते असे मोकळे झाले. आपल्याकडे बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी मात्र ही जोडी पाठच करावी, तिथे तिला मार्क आहेत.