पी००१६ कोड आला म्हणून कॅम सेन्सर बदलू नका

‘चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी००१६ दिसला, तर कॅमशाफ्टचा सेन्सर बदला. चेनचे इंजिन असेल तर टायमिंगकडे पाहायचीही गरज नाही, कारण चेन इंजिनाच्या आयुष्यभर टिकते. आवाज येत असेल तर जाड ऑईल भरा, आणि चेन बदलावीच लागली तर खुणा जुळवून बसवा, काम झाले.’ अशा आशयाचा सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो. (क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टनांमुळे फिरणारा दांडा आणि कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; चेन या दोघांना जोडते आणि त्यांच्या फिरण्याचा मेळ म्हणजे टायमिंग.) हा सल्ला पाळणाऱ्याचे केवळ सेन्सरचे पैसे वाया जात नाहीत. चेन दात सोडण्याच्या बेतात असताना गाडी आणखी काही महिने चालवली जाते आणि साध्या कामाचे रूपांतर हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवण्यात होते. म्हणून यातील प्रत्येक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

सेन्सरचा किंवा त्याच्या वायरिंगचा दोष सांगणारे कोड वेगळे आहेत. कॅम सेन्सरच्या सर्किटसाठी पी०३४० आणि क्रँक सेन्सरच्या सर्किटसाठी पी०३३५ येतो. पी००१६ चा अर्थ असा की दोन्ही सेन्सरांचे सिग्नल कॉम्प्युटरला मिळत आहेत, वाचताही येत आहेत, परंतु क्रँक आणि कॅम यांचे परस्परांशी असलेले नाते ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले आहे. सेन्सरची बैठक सैल असणे किंवा त्याच्यासमोर फिरणारी दातेरी चकती सरकलेली असणे यांमुळेही हा कोड येऊ शकतो, हे मान्य आहे. पण ते पाहून ठरवायचे असते, गृहीत धरायचे नसते. याच कोडमागे अडकलेला व्हीव्हीटी फेझर (कॅम गरजेप्रमाणे पुढे-मागे करणारा भाग), त्याला ऑईल सोडणारा पण गाळाने चोंदलेला ऑईल कंट्रोल व्हॉल्व्ह, लांबलेली चेन किंवा एक दात सरकलेले टायमिंग असू शकते, आणि यांपैकी एकही दोष नव्या सेन्सरने जात नाही.

चेन आयुष्यभर टिकते, हा समज बहुधा मारुती ८०० किंवा इंडिका डिझेलच्या टायमिंग बेल्टशी तुलना करण्यातून आला असावा. बेल्ट ठरावीक किलोमीटरनंतर बदलावा लागतो आणि चेनला तशी मुदत बहुतेक वेळा दिलेली नसते, इतकेच खरे. चेनच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत; प्रत्येक सांध्यातील पिन आणि तिचे भोक झिजते आणि शेकडो सांध्यांची ती सूक्ष्म झीज एकत्र होऊन चेन लांबते. समजा, चेनचा पिच (दोन सांध्यांमधले अंतर) ८ मिलिमीटर आहे, क्रँकच्या स्प्रॉकेटला (दातेरी चाकाला) १८ दात आहेत आणि ओढीच्या बाजूला ४० पिच लांबीची चेन आहे, म्हणजे ३२० मिलिमीटर. त्यात केवळ अर्धा टक्का वाढ झाली तरी ती १.६ मिलिमीटर होते. एका दाताला क्रँकचे २० अंश या हिशेबाने कॅम सुमारे ४ अंश मागे पडतो. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) सैल बाजूला असतो. तो वाढलेली लांबी सैल बाजूला ओढून घेतो, त्यामुळे आवाज बंद राहतो. पण ओढीच्या बाजूची वाढ त्याला भरून काढता येत नाही. परिणामी आवाज मुळीच नसताना टायमिंग मागे पडलेले असू शकते, आणि टेन्शनरचा पूर्ण पल्ला संपल्यावरच खडखड ऐकू येते. आवाज नाही म्हणून चेन चांगली, हा निष्कर्ष म्हणूनच धोकादायक आहे.

जाड ऑईलचा उपाय तर उलट हानी करतो. हायड्रॉलिक टेन्शनर आणि फेझर दोन्ही ऑईलच्या दाबावर चालतात, आणि त्यांचे मार्ग अरुंद असतात. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० भरले तर थंडीत सकाळी गाडी सुरू करताना टेन्शनरला दाब उशिरा पोहोचतो, नेमक्या ज्या क्षणी चेन सैल असते त्याच क्षणी.

योग्य क्रम असा. प्रथम ऑईलची पातळी आणि अवस्था पाहावी, सोबतचे कोड वाचावेत; पी००११ किंवा पी००१२ असेल तर कॅम अनुक्रमे अति पुढे किंवा अति मागे आहे. मग लाइव्ह डेटात अपेक्षित आणि प्रत्यक्ष कॅम कोन यांची तुलना करावी. त्यानंतर दोन चॅनलच्या ऑसिलोस्कोपवर दोन्ही सेन्सरांचे सिग्नल एकाच वेळी घेऊन त्याच इंजिनाच्या चांगल्या नमुन्याशी ताडून पाहावेत. कोन हळूहळू वाढत गेला असेल तर चेनची झीज संभवते. एकदम सुमारे २० अंशांची उडी दिसली तर दात सरकल्याचा संशय घ्यावा. सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखेच कमी येणे हीदेखील टायमिंग चुकल्याची खूण आहे. इतके झाल्यावरच कव्हर उघडावे.

खुणा जुळवण्याबाबत. फेझर लॉक स्थितीत नसताना खुणा जुळवल्या तरी टायमिंग चुकते. कॅम लॉकिंग टूल हे बसवणीसाठी असते. क्रँक पुलीचा बोल्ट सोडताना त्या टूलवर जोर देऊ नये, कॅम तुटू शकतो. चेनसोबत टेन्शनर, गाईड (चेन जिला घासत जाते ती पट्टी) आणि झिजलेली स्प्रॉकेटही बदलावीत. बसवल्यावर सेल्फ मारण्यापूर्वी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा आणि कुठे अडकल्यास जोर न लावता थांबावे. दोन फेऱ्यांनंतर चेनच्या रंगीत कड्या पुन्हा खुणांवर येतीलच असे नाही, त्या अनेक इंजिनांत बऱ्याच फेऱ्यांनीच परत येतात. पाहायच्या त्या स्प्रॉकेटवरच्या खुणा. हे माहीत नसल्याने बरोबर बसवलेली चेन पुन्हा काढली जाते.

आणि दात सरकलेले इंजिन पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांना लागू शकतील अशा रचनेचे असेल, तर गाडी सुरू झाली एवढ्यावरून व्हॉल्व्ह वाकलेले नाहीत असे मानू नये. लीक-डाउन चाचणीत (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती पाहण्याच्या चाचणीत) हवा इनटेककडे किंवा सायलेन्सरकडे फुसफुसत असेल, तर चेन कितीही नवी असली तरी हेड उतरवावेच लागते.