बफर ३२, रेट १९२ आणि बाकीच्या थापा

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांमध्ये एक मेसेज सतत फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर साधारण असा: ‘गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतोय? तुमचा कॉम्प्युटर कमी पडतोय. बफर ३२ वर आणा. सॅम्पल रेट १९२ करा. गेन मीटरच्या लाल रेघेला भिडवा. जास्तीत जास्त ओहमचे ओपन-बॅक हेडफोन घ्या, ब्लूटूथ असले तरी चालतील. फुकटचं सॉफ्टवेअर काढून टाका. मोठ्या स्टुडिओत असंच करतात.’

धादांत खोटं असतं तर सोडून दिलं असतं. पण यातल्या बहुतेक वाक्यांत खऱ्याचा एकेक कण आहे, म्हणूनच लोक ते मुकाट्याने करून बघतात आणि मग ‘टेकमध्ये टिकटिक येतेय’ म्हणून विचारत फिरतात. तेव्हा एकेक दावा घेऊ.

‘आवाज उशिरा येतो म्हणजे कॉम्प्युटर कमी पडतो.’

सगळ्या घोळाचं मूळ हे वाक्य आहे. माइकमधला आवाज हेडफोनपर्यंत दोन वाटांनी येऊ शकतो. पहिली वाट लांबची: माइक, इंटरफेस (माइक आणि कॉम्प्युटर जोडणारा डबा), यूएसबी, ड्रायव्हर (त्या डब्याशी बोलणारं कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर), रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, आणि तिथून तसंच उलटं परत. दुसरी वाट इंटरफेसच्या आतच संपते: प्रीअँपमधून (माइकचा क्षीण आवाज मोठा करणारा भाग) आलेला आवाज तिथल्या तिथे हेडफोनच्या जॅककडे वळवला जातो, कॉम्प्युटरचा संबंधच येत नाही. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाचं बटण किंवा ‘इनपुट–प्लेबॅक’ असा फिरवायचा नॉब असतो तो यासाठीच. या वाटेवर उशीर जवळजवळ नसतोच, कॉम्प्युटर दहा वर्षांचा जुना असला तरी.

लांबच्या वाटेचा हिशेब सोपा आहे. बफर म्हणजे कॉम्प्युटर एका घासात उचलतो तेवढे सॅम्पल (आवाजाची एकेक मोजणी), आणि सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला होणाऱ्या मोजण्या. बफरच्या आकड्याला सॅम्पल रेटने भागायचं. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद. जाताना एक, येताना एक, म्हणजे १०.७. त्यात कन्व्हर्टरचा (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा परत आवाज करणारा भाग) आणि ड्रायव्हरने गुपचूप राखून ठेवलेला वेळ धरला की आकडा आणखी वर सरकतो. आता गंमत बघा: आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. अँपपासून ३ मीटरवर बसलेला गिटारवाला स्वतःची गिटार ९ मिलिसेकंद उशिराच ऐकतो आणि त्याची काही तक्रार नसते. मग गायकालाच का खटकतं?

कारण गायकाचा आवाज त्याच्या कानापर्यंत हाडांतूनही पोचतो, आणि तो ताबडतोब पोचतो. त्यावर हेडफोनमधला उशिराचा आवाज चढला की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि काही पट्ट्या एकमेकींना खाऊन टाकतात. ५ मिलिसेकंदांचा फरक असेल तर १०० हर्ट्झ, ३०० हर्ट्झ, ५०० हर्ट्झ अशा जागी खड्डे पडतात. आवाज उशिरा आला असं जाणवतही नाही, नुसता पोकळ आणि परका वाटतो. मग गायक म्हणतो ‘माइक बरोबर नाही’, आणि माइक बदलला जातो!

डायरेक्ट मॉनिटर लावल्यावर नेहमी होणारी चूक मात्र सांगायलाच हवी. इंटरफेसवर डायरेक्ट चालू, आणि सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक आर्म (रेकॉर्डिंगसाठी सज्ज) केल्यावर त्याचं इनपुट मॉनिटरही चालू. मग दोन्ही वाटांनी आवाज येतो आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. लोक इथेच घाबरून बफर कमी करत सुटतात. त्या ट्रॅकवरचं मॉनिटरचं बटण बंद केलं की काम झालं. रेकॉर्डिंग त्यामुळे थांबत नाही.

‘पण मला गाताना रिव्हर्ब लागतो, डायरेक्टमध्ये कोरडा आवाज येतो’ हा आक्षेप रास्त आहे. त्यावर एक जुनी युक्ती आहे. रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर ठेवा आणि गळ्याच्या ट्रॅकवरून तिकडे सेंड (आवाजाची एक प्रत) द्या. रेकॉर्ड करताना गळ्याच्या ट्रॅकचं इनपुट मॉनिटर चालू ठेवा, पण त्याचं मास्टरकडे (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिकडे) जाणं तेवढ्यापुरतं बंद करा. रिव्हर्बमध्ये ड्राय (मूळ आवाज) शून्य, वेट (घुमणारा आवाज) पूर्ण. आता मूळ आवाज थेट इंटरफेसमधून येतो आणि सॉफ्टवेअरमधून फक्त रिव्हर्बची शेपटी येते. ती दहा-पंधरा मिलिसेकंद उशिरा आली तर बिघडत काहीच नाही. रिव्हर्बला प्री-डिले (घुमण्याआधीचा छोटा उशीर) मुद्दाम लावतात, इथे तो आयता मिळाला. टेक (केलेलं रेकॉर्डिंग) ऐकायच्या वेळी मास्टर परत जोडायला विसरू नका, नाहीतर ‘फक्त रिव्हर्बच रेकॉर्ड झाला’ असं वाटून धाबं दणाणेल.

जिथे डायरेक्टचा उपयोग नाही अशी जागा एकच मोठी: गिटारचं अँप सॉफ्टवेअरमध्ये असेल किंवा कीबोर्डवरून सॉफ्टवेअरमधलं वाद्य वाजवायचं असेल तेव्हा. तिथे आवाज तयारच कॉम्प्युटरमध्ये होतो, त्यामुळे लांबच्या वाटेला पर्याय नाही. तेव्हा बफर कमी करायला हवा, हे मान्य.

‘बफर ३२ वर आणा.’

४८ किलोहर्ट्झला भागाकार केला तर ०.६७ मिलिसेकंद येतो, तेवढं खरं. पण याचा अर्थ प्रोसेसरला दर ०.६७ मिलिसेकंदाला सगळ्या ट्रॅकचं, सगळ्या प्लगिनचं (सॉफ्टवेअरला जोडलेल्या इफेक्टचं) काम उरकून द्यायचं आहे. एकदा जरी वेळ चुकली की टिक. आणि ती टिक कधी नुसती ऐकू येते, कधी टेकमध्ये कायमची उमटते. एवढं करून उशीर त्या प्रमाणात घटतही नाही, कारण कन्व्हर्टरचा आणि ड्रायव्हरचा वाटा तसाच राहतो. ६४ किंवा १२८ वर रेकॉर्ड करावं, मिक्सला बसताना १०२४ वर न्यावं. बफर हा काही एकदा ठरवून विसरायचा आकडा नाही.

बफरला हात लावण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या असतात आणि मेसेजमध्ये नेमक्या त्याच नाहीत. पहिली, ड्रायव्हर. विंडोजवर सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर निवडलेला आहे का? ही पद्धत स्टाइनबर्ग कंपनीने आणली ती सिस्टीमच्या मिक्सरला वळसा घालून थेट हार्डवेअरशी बोलता यावं म्हणूनच. ‘एएसआयओ फॉर ऑल’ हे विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेलं आवरण आहे. इंटरफेसचा स्वतःचा ड्रायव्हर असताना त्याची गरज नाही. मॅकवर कोअर ऑडिओ असतो, तिथे हा प्रश्न सहसा येत नाही. दुसरी गोष्ट, प्लगिन. लिनिअर-फेज इक्वलायझर किंवा पुढचं बघून काम करणारा लिमिटर मास्टरवर बसलेला असेल तर तो स्वतःचा उशीर आणतो. बफर ३२ करा नाहीतर ८ करा, तो उशीर तसाच राहणार. ओव्हरडब करताना (आधीच्या ट्रॅकवर नवा आवाज चढवताना) मास्टर रिकामा ठेवा.

इथेच आणखी एक गैरसमज चिकटलेला असतो: कानाला जेवढं उशिरा येतं तेवढंच रेकॉर्डिंगही मागे पडतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रायव्हर आपला उशीर सॉफ्टवेअरला कळवतो आणि सॉफ्टवेअर टेक तेवढा आधीच्या जागी सरकवून ठेवतं. ड्रायव्हर खरं सांगतोय की नाही, हे तपासणं अवघड नाही. इंटरफेसच्या लाइन आउटपुटमधून एक केबल त्याच्याच लाइन इनपुटला जोडा, डायरेक्ट मॉनिटर आणि त्या ट्रॅकचं इनपुट मॉनिटर दोन्ही बंद ठेवा, नाहीतर आवाज गोल फिरत बसेल. आता एका ट्रॅकवरची क्लिक (लय धरायची टकटक) दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा आणि भिंग वाढवत नेऊन दोन्ही क्लिकच्या पहिल्या टोकांतलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. ४८ किलोहर्ट्झला ४८ सॅम्पल म्हणजे १ मिलिसेकंद. फरक निघाला तर तो आकडा रेकॉर्डिंग ऑफसेटच्या खान्यात भरायचा. रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हा खाना प्रेफरन्सेसमध्ये मिळतो. हे एकदा केलं की ‘माझी लय मागे पडते’ म्हणणाऱ्या कित्येकांची लय आपोआप सुधारते.

‘सॅम्पल रेट १९२ करा, उशीर कमी होतो.’

होतो. २५६ ला १९२ हजाराने भागलं तर १.३३ मिलिसेकंद येतात. आता ६४ ला ४८ हजाराने भागा. उत्तर तेच! फक्त १९२ ला प्रोसेसरला प्रत्येक सेकंदाला चौपट सॅम्पल दळावे लागतात आणि फाइलही चौपट होते: २४ बिटचा एक मोनो ट्रॅक ४८ ला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी, १९२ ला ३४.६ एमबी. दर्जाचं म्हणाल तर ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो, आणि माणसाचा कान २० च्या पुढे जात नाही. वय वाढेल तसा त्याच्याही खूप अलीकडे थांबतो. रेकॉर्ड केलेला आवाज खूप संथ करून त्यातून इफेक्ट काढणाऱ्यांना ९६ किंवा १९२ चा उपयोग होतो. गाण्यासाठी ४४.१ किंवा ४८, आणि व्हिडिओला जोडायचं असेल तर ४८.

इंटरफेसवर, सॉफ्टवेअरमध्ये आणि सिस्टीमच्या साउंड सेटिंगमध्ये एकच रेट आहे ना, एवढं मात्र बघा. ४४.१ ला केलेलं रेकॉर्डिंग बदल न करता ४८ ला वाजलं तर गाणं वेगाने पळतं आणि जवळपास दीड सेमीटोन चढं लागतं.

‘गेन लाल रेघेला भिडवा.’

गेन म्हणजे माइकचा आवाज आत घेताना किती वाढवायचा ते. टेपच्या काळात आणि १६ बिटच्या सुरुवातीच्या दिवसांत तो भिडवण्याला अर्थ होता, कारण हळू रेकॉर्ड केलं की खरखर वर यायची. २४ बिटमध्ये कागदावर १४४ डेसिबलची जागा असते. चांगल्या कन्व्हर्टरमध्येही प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी मिळते, तरी खोलीतल्या पंख्याचा आवाज त्या तळापेक्षा कितीतरी वर असतो. सर्वांत मोठी तान मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान जाऊ द्या. चाचणीत माणूस जपून गातो आणि खऱ्या टेकला जोर लावतो, ती जागा त्याच्यासाठी सोडायची. ‘सॉफ्टवेअर ३२ बिट फ्लोटमध्ये चालतं, क्लिप होणारच नाही’ असंही कोणीतरी सांगतं. सॉफ्टवेअरच्या आत क्लिप होत नाही, म्हणजे आवाज फाटत नाही, खरं आहे. पण फाटलेला आवाज कन्व्हर्टरमधूनच फाटून आला तर पुढे कोणीही तो शिवू शकत नाही.

माझा अंदाज असा की बहुतेक जण गेन वाढवतात ते मेसेज वाचून नव्हे, तर हेडफोनमध्ये स्वतःला ऐकू येत नाही म्हणून. गेनचा नॉब ऐकण्यासाठी नसतो. स्वतःचा आवाज दबतोय? मग मागचा ट्रॅक खाली आणा. हेडफोनचा व्हॉल्यूम वाढवत नेणं हा शेवटचा उपाय. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही कामाच्या जागेसाठी अमेरिकेच्या निऑश संस्थेने सुचवलेली मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो.

‘जास्त ओहमचे ओपन-बॅक हेडफोन, ब्लूटूथ असले तरी चालतील.’

एका वाक्यात तीन चुका. ओहम हा हेडफोनच्या विद्युत अडथळ्याचा आकडा आहे, दर्जाचा नाही. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. तेवढ्याच व्होल्टेजला २५० ओहमवाल्याला ३२ वाल्याच्या जवळजवळ आठवा हिस्सा ताकद पोचते, आणि यूएसबीवर चालणाऱ्या लहान इंटरफेसला त्याचा आवाज काढताना धाप लागते. स्टुडिओंमध्ये वर्षानुवर्षं दिसणारा सोनीचा एमडीआर-७५०६ फक्त ६३ ओहमचा आहे.

ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडे हेडफोन, मिक्स ऐकायला छान. माइकसमोर बसताना मात्र त्यातून क्लिक बाहेर गळते आणि थेट कंडेन्सर माइकमध्ये शिरते. शेवटचा सूर विरत असताना मागे ‘टक, टक’ ऐकू येते ती हीच. गाताना क्लोज्ड-बॅक (मागून बंद) घ्या. एक कान उघडा ठेवायची सवय असेल तर हेडफोनची ती बाजू डोक्याला दाबून ठेवा किंवा पॅनने (आवाज डावी-उजवीकडे वळवणाऱ्या नॉबने) तिचा आवाज बंद करा. शेवटच्या ओळीनंतर क्लिक थांबेल अशी सोयही करून ठेवा.

आणि ब्लूटूथ? मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एका मात्रेला ५०० मिलिसेकंद मिळतात, तिचा चौथा भाग १२५. साधे ब्लूटूथ हेडफोन सहज तेवढे, कधी त्याहून जास्त मागे असतात. वर त्यांचाच माइक वापरला तर जोडणी फोनवर बोलण्याच्या पद्धतीवर जाते, आणि तिथे नेहमीचा रेट ८ किंवा १६ किलोहर्ट्झ. वायर लावा.

‘फुकटचं सॉफ्टवेअर काढून टाका.’

ट्रॅकची बेरीज हे अंकगणित आहे, महाग केल्याने ते बदलत नाही. एकच फाइल दोन सॉफ्टवेअरमध्ये घ्या, प्लगिन न लावता, लेव्हल आणि पॅन न हलवता, डिदर (एक्स्पोर्टवेळी मिसळली जाणारी बारीक खरखर) बंद ठेवून एक्स्पोर्ट करा. मग दोन्ही एकत्र लावून एकीची फेज उलटी करा, म्हणजे तिच्या लाटेचे चढ-उतार उलटे होतात. उरते ती शांतता. आर्डर, ऑडॅसिटी, मॅकवरचं गराजबँड, ६० दिवस पूर्ण वापरून बघता येणारं रीपर, यांतलं काहीही घ्या. फरक हाताळणीत असतो, आणि हाताला बसलेलं सॉफ्टवेअर कोणाच्या सांगण्यावरून सोडू नये.

राहिलं ‘मोठ्या स्टुडिओत असंच करतात’. मोठ्या स्टुडिओत गायकाच्या कानातला आवाज कित्येकदा थेट कन्सोलमधून जातो, किंवा त्यासाठी वेगळी डीएसपी कार्डं (फक्त आवाजाचं काम करणारी) बसवलेली असतात. म्हणजे तुमच्या इंटरफेसवरच्या त्या डायरेक्ट मॉनिटरच्या बटणाचाच मोठा भाऊ. शिवाय गायकाला इंजिनिअरचा मिक्स ऐकवत नाहीत. त्याला स्वतःचा क्यू मिक्स मिळतो: आधार देणारा सूर वर, झांजा आणि गजबज खाली, क्लिक हवी तेवढीच. इंटरफेसला चार आउटपुट असतील तर तिसऱ्या-चौथ्यावर असा मिक्स घरीही काढता येतो. दोनच असतील तर टेकपुरता मागचा मिक्सच तसा लावून घ्यायचा आणि नंतर परत फिरवायचा.